सोळाव्या होलवर विचारलेला प्रश्न

आमची धाकटी बहीण गेली सहा वर्षं व्यावसायिक गोल्फ खेळते. पूर्ण नाव सांगितलं तरी तुम्ही ओळखणार नाही. पेपरात ते येतं, पण यादीच्या तळाकडे, बारीक अक्षरात. तरीही नातेवाईक भेटले की म्हणतात, "नशीब काढलं हो पोरीने!" मी नुसती मान हलवते. ते नशीब कसं निघालं हे मी तिथे उभी राहून पाहिलंय, आणि त्याला थोडी मीही कारण आहे.

वडील गोल्फच्या मैदानावर गवत कापायचे. चेंडू घालायचं भोक म्हणजे होल, त्याच्याभोवतीचा जो गुळगुळीत तुकडा असतो, ज्याला ग्रीन म्हणतात, तिथलं गवत तीन मिलिमीटरवर ठेवायचं हे त्यांचं काम. यंत्रांच्या शेडमागे आमच्या दोन खोल्या. कपड्यांना कायम पेट्रोलचा आणि ओल्या गवताचा वास. शाळेत माझ्या बाकावरची मुलगी नाकाला रुमाल लावायची, आणि मी घरी येऊन रडायचे. धाकटीला त्याचं सोयरसुतक नव्हतं. आठव्या वर्षी तिला कुणीतरी टाकून दिलेला क्लब, म्हणजे चेंडू मारायची काठी, सापडला. वडिलांनी त्याचा दांडा करवतीने कापून तिच्या उंचीचा केला, आणि त्या दिवसापासून शेडच्या भिंतीला शांतता म्हणून मिळाली नाही. सोळाव्या वर्षी तिने हौशी खेळाडूंची मोठी स्पर्धा जिंकली, सतराव्या वर्षी पुन्हा. कप ठेवायला जागा नव्हती. आई एकात बटणं ठेवायची, दुसऱ्यात औषधाच्या गोळ्या.

कॉलेजने तिला स्वतःहून बोलावून घेतलं. हॉस्टेलच्या खोलीत तिच्या वाट्याला आली लांबी. नाव तिलाही होतं, पण दारातून वाकून आत येणाऱ्या मुलीला दुसरं काय म्हणणार? दोघी एकाच संघात. खोलीत जुना गालिचा, त्याच्या टोकाला आडवा ठेवलेला मग, आणि अभ्यास सोडून त्यात चेंडू ढकलत बसलेल्या या दोघी. चार वर्षांत संघाने तीनदा अजिंक्यपद मिळवलं आणि कॉलेजने दोघींना डोक्यावर घेतलं.

कॉलेजच्या गोल्फमध्ये एक सोय असते, तुम्ही तिथे एकटे पडत नाही. सामन्यात अवघड होलपाशी प्रशिक्षक सर उभे राहायचे आणि कुठला क्लब घ्यायचा ते सांगायचे. ते नियमातच बसत होतं. सरावाला सर नसले की या दोघी एकमेकींना विचारायच्या. "सहा की सात?" सहा नंबरचा क्लब चेंडू जरा लांब नेतो, सात नंबरचा जरा अलीकडे टाकतो. अंतर अधलंमधलं असलं की भल्याभल्यांची पंचाईत होते. धाकटी विचारायची, लांबी श्वासही न घेता उत्तर द्यायची, आणि धाकटी तोच क्लब उचलायची. अंडी किती मिनिटं उकडायची हेसुद्धा त्या अशाच ठरवायच्या.

मग दोघींनी एकाच दिवशी अर्ज भरून हौशीपण सोडलं. व्यावसायिक स्पर्धांचा नियम वेगळा. तिथे क्लबाबद्दल विचारायचं ते फक्त आपली बॅग वाहणाऱ्याला. दुसऱ्या खेळाडूला विचारलं तर विचारणाऱ्याला दोन फटक्यांचा दंड, आणि जो उत्तर देईल त्यालाही दोन. नियम दोघींना पाठ होता. पण चार वर्षांची जिभेची सवय काही पाठांतराने जात नाही.

वर्षभर मोठ्या स्पर्धांत खेळायचं तर परवाना लागतो, आणि तो पात्रता स्पर्धेतल्या पहिल्या वीस जणींनाच मिळतो. पहिल्या वर्षी दोघी हुकल्या. दुसऱ्या वर्षीही हुकल्या. कॉलेजात जिला सगळे वाट करून द्यायचे, ती माझी बहीण आता नाव सांगितलं की "कोण?" असं ऐकून घ्यायची. जेवताना बोलेनाशी झाली. तिसऱ्या वर्षी एवढंच म्हणाली, "ताई, हे शेवटचं. नाही जमलं तर सोडते. तू येशील बॅग घ्यायला?"

मी चष्म्याच्या दुकानात काचा घासते. रजा टाकली आणि गेले.

चार दिवसांची स्पर्धा. शेवटच्या दिवशी जोड्या लागल्या, तर धाकटीच्या जोडीला नेमकी लांबी. आमच्या मागे कुणी नव्हतं, आम्हीच शेवटचे. लांबी आपली बॅग चाकाच्या गाड्यावर घालून स्वतःच ओढत होती. बाराव्या होलपर्यंत दोघी झकास खेळल्या. बाराव्याला मी माती खाल्ली. झेंड्यापर्यंतचं अंतर सांगायचं, तर मी ग्रीनच्या कडेपर्यंतचं सांगितलं. पुढची बारा पावलं मिळवायची विसरले. दिवसभर अर्ध्या मिलिमीटरसाठी जीव काढणारी मी! चेंडू वाळूच्या खड्ड्यात गेला. धाकटी माझ्याकडे बघून म्हणाली, "तू फक्त बॅग धर." त्यानंतर तिने मला काहीही विचारलं नाही. मला राग आला होता, आणि रडूही येत होतं. मीही हट्टाने तोंड उघडलं नाही.

सोळाव्याला वारा सुटला. ग्रीन तळ्यापलीकडे. धाकटी बॅगपाशी आली, एका क्लबावर हात ठेवला, काढला, दुसऱ्यावर ठेवला. मी समोर उभी, पण तिच्या लेखी मी बॅगेचाच भाग. तिने मान वळवली आणि हळूच विचारलं, "सहा की सात?"

"सात," लांबी म्हणाली.

बोलून झाल्यावर दोघी जागच्या जागी थिजल्या. आसपास चिटपाखरू नव्हतं. मैदानावरचा पंच दोन होल मागे राहिला होता. मी चेंडू पुसायच्या फडक्याशी चाळा करत खाली बघत राहिले. धाकटीने सात नंबरचा क्लब घेतला, चेंडू तळं ओलांडून ग्रीनवर पडला. लांबीचाही पडला. पुढचे दोन होल दोघी आपापल्या चेंडूमागे चालल्या.

अठराव्या, म्हणजे शेवटच्या होलपाशी गुणांचा फलक होता. कमी फटके ती वर, आणि पहिल्या वीसात राहायला धाकटीच्या हाताशी अजून तीन फटके होते, लांबीच्या हाताशी एक. दोघी आत! तीन वर्षांनी, दोघी एकदम! मला नाचावंसं वाटलं. पण फलक वाचता वाचता मी दंडाचे दोन वजा केले. धाकटी तरत होती. लांबी बुडत होती.

स्कोअरकार्डाच्या तंबूत एक टेबल आणि तीन खुर्च्या. गोल्फमध्ये तुमचे फटके समोरची लिहिते आणि तिचे तुम्ही. मग दोघी तपासून सह्या करतात. तंबूतले पंच म्हणजे एक निवृत्त वाटणारे गृहस्थ, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "सह्या करण्याआधी काही सांगायचंय?"

मी तंबूच्या दारात उभी होते. मनातल्या मनात धाकटीला एकच सांगत होते, गप्प बस, बाई, गप्प बस. ते मी आजही लपवत नाही. कुणाचं काय बिघडणार होतं? मी बारा पावलं विसरले नसते, तर हा प्रश्नच आला नसता.

धाकटीने पेन खाली ठेवलं. "सोळाव्याला मी हिला क्लब विचारला," ती म्हणाली. "माझे दोन वाढवा."

पंचांनी चष्मा खाली ओढला. "आणि यांनी सांगितला?"

धाकटीचा चेहरा पांढरा पडला. इथवर तिने विचारच केला नव्हता, हे मला तेव्हा कळलं. स्वतःपुरतं खरं बोलून मोकळं होता येईल, अशी तिची भाबडी समजूत. ती म्हणाली, "मला... वाऱ्यात नीट ऐकू नाही आलं."

"सांगितला," लांबी म्हणाली. "सात म्हटलं मी. माझेही दोन वाढवा."

तिने स्वतःच कार्ड पुढे सरकवलं, आकडा बदलताना बघितला, आणि सही केली. सही नेहमीसारखीच, मोठी आणि तिरपी. फलकावर नावं खालीवर झाली. धाकटी आत. लांबी एका फटक्याने बाहेर.

लोक धाकटीचं अभिनंदन करायला आले. ती त्यांच्यातून वाट काढत गाड्या लावायच्या जागेकडे धावली. मी बॅग खांद्यावर टाकून मागोमाग. लांबी डिकीत सामान भरत होती. तिचे क्लब मावत नव्हते, म्हणून मागची सीट पाडत होती. धाकटी तिच्यासमोर उभी राहून नुसतीच रडू लागली.

"रडू नकोस," लांबी म्हणाली. "तू चूक नाही केलीस."

"मग तू माझ्याकडे बघत का नाहीस?"

लांबीने डिकी लावली. ती नीट लागली नाही, पुन्हा लावली. "क्लब कुठला ते मला विचारलंस," ती म्हणाली. "पंचांना सांगायचं का, हे नाही विचारलंस. अठराव्यावरून तंबूपर्यंत आपण शेजारी चालत होतो."

धाकटीने बाहीने डोळे पुसले. मग म्हणाली, "विचारलं असतं, तर काय म्हणाली असतीस?"

"सांगून टाक म्हणाले असते," लांबी म्हणाली. "पण मग ते आपण दोघींनी सांगितलं असतं."

ती गाडीत बसली, खुर्ची मागे सरकवली, आणि काच वर करून निघून गेली. धाकटीच्या हातात वर्षभराचा परवाना होता. त्या संध्याकाळपासून आजवर त्या दोघी एकमेकींशी बोललेल्या नाहीत.