वायर नसलेला दिवा

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे, पण खरं सांगायचं तर करमणूक म्हणून. वाचायचं आणि मनातल्या मनात कारण शोधायचं... इथे वारा असेल, तिथे अर्धवट झोप असेल, नाहीतर सरळ थाप. आमचा धंदाच तसा आहे. मशीन बंद पडलं की त्याला कारण असतंच. सापडलं नाही, तर आपण नीट शोधलेलं नाही — असं माझा दादा म्हणायचा. आज लिहिते आहे ते त्याच्याबद्दलच.

भोसरी एमआयडीसीत आमचा छोटा गाळा आहे. कंपन्यांमध्ये मशीन चालवणारे जे कंट्रोलर असतात, त्यांचे जुने सुटे भाग आम्ही शोधून देतो. बनवणाऱ्यांनी ते बनवणं कधीचंच बंद केलेलं असतं, पण मशीन अजून धडधाकट असतं, आणि एका इलेक्ट्रॉनिक कार्डापायी अख्खी लाईन बदलायची कोणाची तयारी नसते. मग फोन येतो — "मॅडम, कुठूनही द्या, पण द्या." ग्राहक आणि शोधाशोध माझ्याकडे, तपासणी-दुरुस्ती दादाकडे. आम्ही मूळचे बार्शीचे. वडील इथे कंपनीत लागले म्हणून दापोडीला आलो. लग्नानंतर मी चिंचवडला गेले, दादा-वहिनी दापोडीतच राहिले. पण दिवसभर आम्ही बहीणभाऊ त्या गाळ्यात समोरासमोर.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात चाकणच्या एका कंपनीतून फोन आला. कंपनीचं नाव लिहीत नाही. पत्र्याचे पार्ट दाबून काढणाऱ्या मोठ्या प्रेसची जुनी लाईन. लाईनच्या चारी बाजूंनी जाळी, जाळीला दारं. दार उघडलं की कोणीतरी आत गेलं असं समजून लाईन आपोआप थांबते. दाराच्या स्विचपासून वायर निघते ती कंट्रोलरच्या कार्डावर येते, आणि कार्डावर त्या दाराचा एक बारीकसा लाल दिवा असतो. दिवा लागला म्हणजे आत माणूस आहे.

ते कार्ड जळालं होतं. मेंटेनन्सचे गायकवाड साहेब आमचे जुने ग्राहक, फोनवर अगदी काकुळतीला आले होते. सगळीकडे फोन करून झाले, आणि शेवटी तसलं कार्ड कुदळवाडीत मिळालं, लहूशेठ म्हणून एका भंगारवाल्याकडे. बंद पडलेल्या कंपन्यांचे पॅनेल तो उचलतो. दादानं कार्ड साफ केलं, टेस्ट बेंचवर दिवसभर चालवलं. एकदम ओके. स्वतः जाऊन बसवून आला.

दोनच दिवसांत गायकवाड साहेबांचा फोन. लाईन मध्येच थांबते. मागच्या दाराचा दिवा लागतो, आणि दार तर बंद!

दादा गेला. स्विच बदलला, वायर बदलली. दुपारी लाईन पुन्हा थांबली, पुन्हा तोच दिवा. मग त्यानं त्या दाराची वायर कार्डावरून काढूनच टाकली. आता त्या दिव्याकडे करंट यायला वाटच नाही. आणि त्याच्या डोळ्यांदेखत दिवा लागला.

संध्याकाळी गाळ्यावर आला तो चिडलेला होता. घाबरलेला मुळीच नाही, चिडलेला. "वैशू, वायरच नाही गं त्याला," एवढंच दोन-तीनदा म्हणाला. मी म्हटलं, अरे जुनं कार्ड, आतून ओल आली असेल. तो म्हणाला, "ओल असती तर इथे बेंचवर का नाही दिसली?"

माझी फोनाफोनी पुन्हा सुरू. यावेळी चेन्नईच्या एका डीलरकडे तसलंच दुसरं कार्ड मिळालं. दादानं ते बसवलं आणि हे परत आणलं. लाईन सुरळीत सुरू झाली. विषय तिथेच संपायला हवा होता, पण दादाचा स्वभाव नडला. त्यानं ते कार्ड बेंचवरच्या रॅकमध्ये लावून ठेवलं, एकही वायर न जोडता, नुसतं पॉवर देऊन. "एकदा तरी माझ्यासमोर लागू दे," म्हणायचा. सकाळी आला की आधी तिकडे नजर. दिवा काही लागला नाही. हळूहळू मी त्या रॅककडे बघायचंही सोडलं.

पावसाळा संपत आला होता तेव्हा त्याच लाईनवर दुसरं काम निघालं, एक जुना सेन्सर बदलायचा होता. तोही आता बनत नाही, आम्हीच मिळवला होता. दादा सकाळीच चाकणला गेला. जाताना म्हणाला, लवकर येतो, वहिनीला डॉक्टरकडे न्यायचंय.

दुपारी डबा खाऊन मी एका कोटेशनला बसले होते. शेजारच्या गाळ्यातले शेळके काका, मोटर रिवायंडिंग करतात, म्हणजे जळालेल्या मोटरी नव्या तारेनं भरतात ते, चहाचा कप घेऊन दारात उभे होते. तेच म्हणाले, "ताई, त्यो लाल दिवा कशाचा वो? आधी नव्हता."

मी मान वळवली. मागच्या दाराचा दिवा लागला होता.

मला त्या क्षणी भुताखेताचं काहीही मनात आलं नाही. मी उठले, रॅकजवळ गेले आणि वायर कुठून जोडली गेली का ते बघितलं. वायर नव्हती. दादाला फोन लावला. रिंग पूर्ण वाजली. परत लावला. नाहीच उचलला.

गायकवाड साहेबांना लावला.

"साहेब, दादा कुठंय?"

"इथेच होते की आत्ता... चहाला गेले असतील. का हो?"

"लाईन चालू आहे?"

"हो, सुपरवायझरनं आत्ताच चालू केली. काम झालं ना त्यांचं."

"बंद करा."

"अहो मॅडम, पण..."

"बंद करा आधी! दादा आत आहे!"

हे मी का म्हटलं, कशाच्या आधारावर म्हटलं, मला आजही सांगता येत नाही. फोन चालूच होता. त्यातून प्रेसचे दणके ऐकू येत होते, एकामागोमाग एक. गायकवाड साहेब ओरडत पळत असल्याचा आवाज आला. मग दणके थांबले. आणि मग खूप माणसं एकदम ओरडायला लागली.

दादा मागच्या बाजूला खाली वाकून सेन्सरची केबल बांधत होता. पुढून तो दिसतच नव्हता. मागचं दार त्यानं उघडं ठेवलं होतं, म्हणजे लाईन चालू व्हायलाच नको होती. पण त्या दाराचा स्विच कोणीतरी तार बांधून दाबून ठेवला होता, दार कायम बंद वाटावं म्हणून. नंतर चौकशीत कळलं, ते जुनं कार्ड असताना लाईन सारखी थांबायची ना, तेव्हा वैतागून कोणीतरी ती तार बांधली होती. पुढे कार्ड बदललं, पण तार सोडायचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही. त्यामुळे त्या दुपारी चाकणच्या नव्या कार्डावरचा दिवा लागला नाही. भोसरीतल्या जुन्या कार्डावरचा लागला.

मी आहे तशी निघाले. शेळके काकांना फक्त "बघा जरा" म्हटलं. मोशीला नेहमीचा ट्रॅफिक, रिक्षावाल्यानं कसं काढलं देव जाणे. दादाला चाकणच्याच एका हॉस्पिटलमध्ये आणलं होतं. कमरेपासून खाली चादर होती. चादरीखाली काय उरलं होतं ते डॉक्टरांनी मला बघू दिलं नाही. पण तो शुद्धीवर होता.

"लाईन कोणी थांबवली?" त्यानं विचारलं. आवाज अगदी रोजचा.

"मी फोन केला."

"तुला कसं कळलं?"

"दादा, दिवा लागला. बेंचवरचा."

त्याच्या कपाळावर ती आठी आली, बिघाड सापडत नसला की यायची ती.

"पण वैशू... वायर नाहीये त्याला," तो म्हणाला.

मग त्याला आत नेलं. वहिनी दापोडीहून पोचल्या तेव्हा ऑपरेशन सुरू होतं. दिवेलागणीच्या सुमाराला डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी मान हलवली.

दिवसकार्य झाल्यावर मी गाळा उघडायला गेले. शेळके काका आले, स्टुलावर टेकले. मग खाली बघत म्हणाले, "ताई, बोलू का नगं, कळंना झालंय. त्या दिशी तुमी गेल्यावर म्या तुमचा मेन स्विच पाडला. पंखा बंद, बत्त्या बंद... पर त्यो दिवा न्हाई इझला."

"काका, पॉवर जरा वेळ राहते आत कधीकधी."

"मला शिकवू नका. चाळीस वरीस मोटरी भरतोय. क्षणभर ऱ्हाती. ह्यो ऱ्हायलाच. म्हनून मी बी हितंच बसलो, एकट्याला सोडून जावंना. अंधारून आल्यावर इझला."

दिवा किती वाजता विझला ते मी विचारलं नाही आणि दादा कधी गेला ते सांगितलंही नाही. त्यांना माहीत होतंच.

त्यानंतर कित्येक महिने मी कारण शोधत होते. आमच्या धंद्यातल्या दोघा जाणकारांना कार्ड दाखवलं. त्यांनी उघडून तपासलं, म्हणाले एकदम ठीक आहे, विकायला हरकत नाही. मी कुदळवाडीला गेले. मला खात्री होती की जिथून कार्ड आलं तिथे कोणीतरी मेलेलं असणार. गोष्टीत तसंच असतं ना! लहूशेठनं आठवून कंपनी सांगितली, रांजणगावकडची, आता बंद आहे. तिथल्या जुन्या फोरमनला मी गाठलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "न्हाई हो ताई. आमच्याकडं कधी कुणाचं बोटसुदीक कापलं न्हाई." मला त्यांचा राग आला. कोणीतरी मेलं असतं तर मला बरं वाटलं असतं, इतक्या थराला मी गेले होते.

म्हणजे काहीच हाती नाही. ते कार्ड दादाला आधीपासून सावध करत होतं? की त्याच्या त्या खोट्या दिव्यांमुळेच तार बांधली गेली आणि त्यानंच दादाला नेलं? दोन्ही बाजूंनी विचार करून बघितला. रात्री झोप उडते, उत्तर येत नाही.

वहिनींना मी हे सगळं सांगायला घाबरत होते. वर्षश्राद्धाच्या काही दिवस आधी सांगून टाकलं. त्या रडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी एकट्याच गाळ्यावर आल्या, लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच.

"ते कार्ड आहे ना अजून? लाव बरं," त्या म्हणाल्या.

"वहिनी, कशाला..."

"लाव गं."

मी रॅकमध्ये कार्ड बसवलं, पॉवर दिली. त्यांनी स्टूल ओढलं आणि त्या समोर बसल्या, पदर घट्ट धरून. मी त्यांच्या मागे उभी राहिले. बाहेर टेम्पो जात होते, शेजारी शेळके काकांची मोटर फिरत होती. आम्ही दोघी त्या काळ्या ठिपक्याकडे बघत राहिलो. चहा आला, गार झाला. उन्हं कलली.

दिवा लागला नाही.

शेवटी वहिनींनी हात पुढे केला आणि त्या विझलेल्या दिव्यावरून बोट फिरवलं, मुलाच्या गालावरून फिरवावं तसं.

"म्हणजे आता आत कोणी नाही," त्या म्हणाल्या, आणि तेव्हा रडल्या.