सी की वॉच?

बोईसर स्टेशनहून कारखान्यांकडे जाणाऱ्या शेअर रिक्षात ती माझ्या शेजारी बसली होती. दातिवऱ्याची कोळीण, केसांत अबोली. एका कारखान्यात गेटवरच्या कॅमेऱ्यांचा पडदा बघत बसायच्या नोकरीसाठी मुलाखतीला निघालेली. प्रश्न इंग्रजीत विचारणार, म्हणून सारखी पदराचं टोक पिळत होती.

"ताई, 'सी' नि 'वॉच' येकच काय?"

"नुसतं दिसतं ते सी. आपण नजर ठेवतो ते वॉच."

तिने क्षणभर डोळे मिटले. "म्हंजे दर्या दिसतो, तो सी. नि वादळात घरवाल्याची बोट येते का म्हून बघत रवतो, तो वॉच. ह्ये तर आमी जल्मभर केलंय!"

संध्याकाळी मी रिक्षा स्टँडच्या रांगेत असताना ती दुरूनच ओरडली, "ताई! काय करशील, इचारलं. मी बोलली, 'आय विल वॉच!' उद्यापासून कामावर हाय!"

टाळी पहिली मी वाजवली. मग अख्ख्या रांगेने.