व्हिटबीचा कम्फर्ट स्टॉप

सकाळचे नऊ वाजायला दहा मिनिटं होती. आमची बस टोरांटोजवळच्या व्हिटबीतल्या एका कॉफी शॉपच्या पार्किंगमध्ये उभी होती. एकतीस पाहुण्यांची कॉफी पिऊन झाली होती, वॉशरूमला जाऊन झालं होतं, ग्रुप फोटोसुद्धा झाला होता. आणि ज्या बाईंसाठी मी बस इथे थांबवली होती, त्यांचा पत्ताच नव्हता.

"मॅडमजी, और कितना?" ड्रायव्हर गुरमीतपाजींनी विचारलं.

"पाँच मिनट, पाजी."

"पाँच मिनट तो आपने पंद्रह मिनट पहले बोला था."

बरोबर होतं त्यांचं. संध्याकाळी मॉन्ट्रियलला बोट राईड बुक होती, आणि बोट कोणासाठी थांबत नाही.

मी तेव्हा टोरांटोच्या एका छोट्या टूर कंपनीत टूर मॅनेजर होते. टूर मॅनेजर म्हणजे गाइड नव्हे. गाइड धबधबा किती उंच आहे ते सांगतो. धबधब्यापाशी गेलेली सगळी माणसं बसमध्ये परत आली का, हे टूर मॅनेजर बघतो. मी नागपूरहून आले तेव्हा एम. ए.ची डिग्री घेऊन आले होते. इथे कामाला आली ती लग्नकार्यात वऱ्हाड सांभाळायची सवय. बस सुटायच्या आधी प्रत्येक वेळी हेडकाउंट करायचा, म्हणजे डोकी मोजायची. मी एकेका सीटला हात लावत मोजायची. लोक हसायचे. हसू देत.

हा ग्रुप मनिलाच्या एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीच्या ऑफिसमधला होता. चांगलं काम केलं म्हणून कंपनीने बक्षीस दिलेली सहल. सगळ्यांचे पिवळे टी-शर्ट, सगळे हसतमुख, आणि घड्याळाचं नि त्यांचं काहीएक नातं नाही. एकाला वॉशरूमला जायचं असलं की सोबत सहा जण निघायचे. फोटो एका कॅमेऱ्यावर काढून भागायचं नाही. प्रत्येकाच्या कॅमेऱ्यावर तोच फोटो हवा. एकवीस कॅमेरे! एकच पोझ, एकवीस वेळा. तीन दिवसांत बस एकदाही वेळेवर सुटली नव्हती. मी ओरडले की म्हणायचे, "सॉरी मॅम सुनंदा," आणि परत हसायचे. माझे तर हात टेकले होते.

तिसऱ्या दिवशी नायगाराहून परतताना त्यांची लीडर व्हिल्मा माझ्या शेजारी येऊन बसली. तिला सगळे 'आते' म्हणायचे. आते म्हणजे त्यांच्याकडे ताई, आपली आत्या नव्हे. तिने मागून एका मुलीला हाक मारली. मारिसेल, चोवीस वर्षांची, पगारपत्रकं करणारी, तीन दिवसांत दहा शब्दही न बोललेली.

मारिसेलची आई व्हिटबीला होती. एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी राहून त्यांचं सगळं करणारी केअरगिव्हर. नऊ वर्षांपूर्वी इकडे आली, तेव्हा मारिसेल पंधराची होती. आईचे कायम राहण्याचे कागद लांबत गेले आणि ते हातात येईपर्यंत देश सोडायची तिला भीती. तोवर मुलगी मोठी झाली, 'मूल' म्हणून आईच्या कागदांत बसेना. तिने एकटीने दोनदा व्हिजिटर व्हिसा मागितला, दोनदा नाकारला गेला. आता ऑफिसच्या ग्रुपबरोबर म्हणून एकदाचा मिळाला होता. आईला सुट्टी फक्त रविवारी, आणि आम्ही उतरलो सोमवारी आणि परतणार शनिवारी.

"उद्या आपण मॉन्ट्रियलला जाऊ ना," मारिसेल म्हणाली, "तेव्हा बस व्हिटबीवरून जाते. मी नकाशात बघितलंय."

बघणार नाही तर काय. चार-एक महिने तेच बघत असणार बिचारी.

मी बॉसला फोन लावला. रानडे साहेब मूळचे डोंबिवलीचे, माणूस वाईट नव्हे, पण धास्तावलेला. त्याच वर्षी आमच्याच लाइनमधल्या एका कंपनीच्या ग्रुपमधले दोघं टोरांटोत उतरले ते परतीच्या विमानात चढलेच नाहीत.

"सर, एका मुलीची आई व्हिटबीला आहे. बस तिथूनच जाते. तासभर जर तिला..."

"नाही."

"अहो, पूर्ण ऐकून तरी घ्या."

"ऐकलं. मुलगी तरुण, आई इथे, दोनदा व्हिसा नाकारलेला. सुनंदा, तू माझ्या जागी असतीस तर सोडलं असतंस?"

खरं सांगते, नसतं सोडलं.

"नियम वाच. कोणीही ग्रुप सोडून जाणार नाही. लिहिलंय ना?"

"लिहिलंय."

फोन ठेवला आणि मुकाट्याने तो कागद काढून पुन्हा वाचला. ग्रुप सोडून कोणी जाणार नाही, हे खरंच. पण ग्रुपला भेटायला कोणी यायचं नाही, असं कुठे लिहिलं होतं? आणि आमच्या धंद्यात एक कम्फर्ट स्टॉप असतो. दर दोन तासांनी वॉशरूम आणि कॉफीसाठी बस थांबवायची. तो कुठे घ्यायचा हे टूर मॅनेजरच्या हातात. एरवी मी वाटेतल्या किंग्स्टनच्या अलीकडे घ्यायची. उद्या व्हिटबीला घेतला तर कोणाचं काय बिघडतं? मारिसेलने आईला फोन केला. आई म्हणाली, मी आजींना व्हीलचेअरवर बसवून तिथे घेऊन येते, घर दहा मिनिटांवर आहे.

रानडे साहेबांना मी सगळं सांगितलं. लपवाछपवी मला जमत नाही.

"तुझ्या जबाबदारीवर," शेवटी ते म्हणाले. "आणि बसमध्ये एकतीस नसले, तर पुढच्या सीझनला मला फोन करू नकोस."

दुसऱ्या दिवशी आठला निघायचं होतं. सात वीसला मी हॉटेलच्या लॉबीत आले तर सगळे एकतीस बसमध्ये! बॅगा लोड, सीटबेल्ट लावलेले. गुरमीतपाजी अर्धा डोनट हातात धरून बघतच राहिले. व्हिल्मा म्हणाली, "मॅम, ही चाळीस मिनिटं मारिसेलची." मी उगाच इकडच्या सीटची बॅग तिकडे केली.

तर अशी ती चाळीस मिनिटं. त्यातली पंचवीस पार्किंगमध्ये गेली होती. आई फोन उचलत नव्हती. मारिसेल फुटपाथच्या कडेला बसली होती, मांडीवर एक कागदी पिशवी. आत आईसाठी शिवून आणलेला ब्लाउज होता, जुन्या मापाचा. फोन लावायची, ठेवायची, परत लावायची. रडत नव्हती. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. पाणी दिलं असतं, पाठीवर हात फिरवला असता. ती नुसती माझ्याकडे बघत होती.

घर दहा मिनिटांवर. तिला एकटीला पाठवू? साहेबांना शब्द दिलेला. मी तिच्याबरोबर जाऊ? मग तीस माणसं वाऱ्यावर. बस आत न्यायची तर पाजी म्हणाले, "मॅडमजी, पचपन सीटर है, साइकिल नहीं."

मी झेंडा हातात घेतला. आमच्या कंपनीचा केशरी झेंडा, गर्दीत लोकांना दिसावा म्हणून काठीला लावलेला.

"चला," मी म्हटलं.

"कुठे?" व्हिल्माने विचारलं.

"सगळे. मारिसेलच्या आईकडे. ग्रुप सोडून कोणी जायचं नाही ना? मग अख्खा ग्रुपच जाईल."

एका सेकंदात सगळे उठले. असे ते तीन दिवसांत कधी उठले नव्हते.

व्हिटबीची ती गल्ली अगदी शांत. कापलेलं गवत, गॅरेजपुढे गाड्या, रस्त्यावर चिटपाखरू नाही. त्यातून पुढे झेंडा घेतलेली मी आणि मागे रांगेने एकतीस पिवळे टी-शर्ट. खिडक्यांचे पडदे हलायला लागले. एक गृहस्थ कुत्र्याला घेऊन उभे होते, ते म्हणाले, "Is everything okay?"

"Yes, yes. Comfort stop," मी म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही.

मारिसेलने बेल दाबली. कोणी येईना. परत दाबली. आतून धावत येणारी पावलं ऐकू आली आणि दार उघडलं. बारीक चणीची बाई, केस सुटलेले, दोन्ही हात ओले. समोर कोण आहे हे न बघताच ती इंग्रजीत बोलायला लागली, "सॉरी, सॉरी, त्या वॉशरूममध्ये खाली बसल्यात, उठतच नाहीत, मला एकटीला उचलत नाही, मी आज कुठे..."

मग तिने बघितलं.

मला वाटलं, आता या दोघी गळ्यात पडतील. पण मारिसेलने पिशवी माझ्या हातात दिली, बूट काढले आणि आत गेली. उघड्या दारातून मला दिसत होतं. आईने आजींना एका बाजूने धरलं, मुलीने दुसऱ्या. आई काहीतरी म्हणाली, बहुधा एक-दोन-तीन, आणि दोघींनी मिळून आजींना अलगद उभं केलं. नऊ वर्षांनी भेटल्यावर मायलेकींनी मिळून केलेलं पहिलं काम हे. आजींना खुर्चीत बसवलं, त्यांच्या मांडीवर शाल घातली, आणि मगच मारिसेलने आईचा ओला हात धरून आपल्या कपाळाला लावला. त्यांच्यात मोठ्यांना असा नमस्कार करतात. आईने तो हात सोडवूनच घेतला नाही. तिथेच जमिनीवर बसली आणि पोरीला मिठीत घेऊन मोठ्याने रडली.

मी पिशवी आत ठेवली आणि दार ओढून घेतलं. माझेही डोळे भरून आले होते, उगाच खोटं कशाला बोलू? माझी आई नागपूरला. तिला मी दोन वर्षांतून एकदा भेटायची, आणि तेवढ्यावरही कुरकुर करायची.

व्हिल्माने सगळ्यांना फुटपाथवर बसवलं, घराकडे पाठ करून. एकानेही कॅमेरा काढला नाही. थोड्या वेळाने आई आजींची व्हीलचेअर बाहेर घेऊन आली. आईच्या अंगात तो नवा ब्लाउज होता, खांद्यावर ढगळ. आजींनी सगळ्यांना बघितलं आणि खूश होऊन विचारलं, "परेड आहे का आज?"

"हो," व्हिल्मा म्हणाली. आजींनी राणीसारखा हात हलवला. सगळ्यांनी उलट हलवला.

उरलेल्या पंधराऐवजी मी पस्तीस मिनिटं दिली. त्याहून जास्त देता येत नव्हती. "मारिसेल," मी म्हटलं, आणि माझाच आवाज मला आवडला नाही. ती पायरीवर आईला टेकून बसली होती. हलली नाही. खरं सांगू? त्या क्षणी मला रानडे साहेबांसारखीच धाकधूक झाली. दार उघडं, आई समोर. आत जाऊन कडी लावली असती तर मी काय करणार होते?

आईनेच तिच्या पाठीवर थाप मारली. "जा. सगळे थांबलेत तुझ्यासाठी." मारिसेल उठली, आजींना बाय म्हणाली, आणि रांगेत येऊन उभी राहिली. एरवी मी पुढे असते. त्या दिवशी झेंडा व्हिल्माकडे दिला आणि मारिसेलबरोबर मागून चालले. बसमध्ये हेडकाउंट केला. एकतीस.

मॉन्ट्रियलला पोहोचलो तेव्हा बोट धक्क्यापासून नुकतीच सुटली होती. सगळ्यांनी जाणाऱ्या बोटीपुढे उभं राहून एकवीस कॅमेऱ्यांवर फोटो काढले. तक्रार एकाचीही नाही.

रानडे साहेबांनी मात्र पुरता अर्धा तास झाडलं. पुढच्या सीझनच्या नियमांत एक नवी ओळ आली: 'ग्रुपला राहत्या वस्तीतून पायी नेऊ नये.' आपल्या करणीने कंपनीत नियम निघावा, असा मान किती जणांना मिळतो? साहेबांचा फोनही आलाच. त्या मनिलाच्या कंपनीने पुढची सहल बुक करताना टूर मॅनेजर तीच हवी, असं कळवलं होतं.

वर्षभराने मारिसेलचा ईमेल आला. आईचे कागद झाले आणि ती सहा आठवड्यांसाठी घरी आली होती. 'मॅम, पहिल्याच दिवशी ती स्वयंपाकघरात गेली आणि मला खूप रागावली. तवा असा घासतात का म्हणाली. दहा वर्षं फोनवर ती मला एकदाही रागावली नव्हती.'

या धंद्यात माझं काम माणसं परत आणायचं. ती कडक राहिल्याने परत येतात, अशी माझी समजूत होती. मारिसेल परत आली, कारण तिला नेलं होतं. हे मी रानडे साहेबांना कधी सांगितलं नाही. त्यांनी त्याचाही नियम केला असता.