मॉनिटरवरची पाटी

आमच्या जुन्या होम कॉम्प्युटरच्या पाठीमागे एक गोल सॉकेट आहे. इतकी वर्षं ते रिकामंच होतं, कारण घरी काळा-पांढरा टीव्ही होता आणि त्याची वायर दुसरीकडे लागायची. परवा भरपूर घासाघीस करून एक जुना कलर मॉनिटर आणला आणि त्याची वायर त्या सॉकेटमध्ये बसवली.

प्रोग्रॅम साठवायची जुनी कॅसेट लावली. त्यात माझ्या धाकट्या भावाने, विजयने, कॉम्प्युटरवर काढलेली आमच्या दुकानाची पाटी होती. काही वर्षांपूर्वी त्याने ती दाखवली तेव्हा टीव्हीवर त्याचं नाव पांढरंशुभ्र दिसलं होतं आणि माझं अंधुक, करडं. मी भडकलो होतो. “दुकान मी उभं केलं आणि मलाच पुसतोस?”

“दादा, रंग दिलाय रे त्याला,” तो म्हणाला. मी ऐकलं नाही. तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे.

मॉनिटर तापला, पाटी उमटली. त्याचं नाव साधं पांढरं. माझं लालभडक, माझ्या पहिल्या स्कूटरसारखं. काळ्या-पांढऱ्या टीव्हीवर लाल रंग करडाच दिसतो. आपल्याला दिसलं नाही म्हणजे समोरच्याने दिलंच नाही, असं धरून मी आणखी किती जणांशी भांडलो असेन, कोण जाणे.

काहीतरी वाटायला हवं होतं. वाटलं नाही. हात नुसते मांडीवर पडून होते.

“भाऊजींना फोन लावू?” दारातून बायकोने विचारलं.

मी मागे हात घालून वायर जरा हलवून पाहिली. माझ्या नावाचा लाल रंग गेला नाही.