तीन खोल्यांतून एक रेघ

बोरगाव मेघेतलं आमचं घर तीन दमांत उभं राहिलं. आधी मागचं स्वयंपाकघर, काही वर्षांनी मधली खोली, शेवटी पुढची. दर वेळी गवंडी वेगळा. त्यामुळे दारं समोरासमोर आली तरी भिंती काही एकमेकींच्या ओळीत आल्या नाहीत.

मी शिवणकाम करते. कापड बेतायला मला जमिनीवरच बसावं लागतं, आणि आमच्या जुन्या फरशीचे पापुद्रे निघाले होते. एकदा गिऱ्हाइकाच्या रेशमी कापडाचा धागा खाचेत अडकला आणि सरळ ओढला गेला. त्या बाईंना मी तसंच कापड शोधून आणून दिलं. त्याच आठवड्यात घरात सांगून टाकलं, यंदा टाइल्स बसवायच्या. मुहूर्तही मीच काढला. दिवाळीचे कपडे देऊन झाले की लग्नसराईची गर्दी सुरू होईपर्यंत मला जरा उसंत असते, तेव्हा.

माझे यजमान कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला आहेत. ते म्हणाले, "मिस्त्री पाहून ठेवला मी. आमच्या जिनिंगमधल्या एकाचा साळा आहे."

"त्याचं काम पाह्यलं का तुम्ही?"

"काम काय पाह्यचं त्याच्यात? फरशीच तं आहे."

"ब्लाउज बी कापडच असते," मी म्हटलं. त्यावर ते हसले आणि बाजूला झाले. मिस्त्री शोधायचं काम माझ्याकडे आलं.

वर्ध्याच्या टाइल्सच्या दुकानातून मी तीन मिस्त्र्यांचे नंबर घेतले. तिघांनाही एकच विचारलं, "पाच वर्षांपूर्वी बसवलेली फरशी दाखवता का?" नवं काम सगळ्यांचंच छान दिसतं. ब्लाउजची शिवणसुद्धा दहा धुण्यांनंतर कळते. दोघांनी फोटो पाठवले, तेही नव्या घरांचे. तिसरा नाचणगावचा होता. त्याने आपल्या गल्लीतल्या एका घराचा पत्ता दिला आणि म्हणाला, "जाऊन या, ताई. मी नाई येत संगं. मोकळेपनानं पाहा."

मी पुलगावची एसटी धरली, पुढे ऑटोने नाचणगाव गाठलं. घरातल्या बाई तूर निवडत बसल्या होत्या. मी कशाला आले ते सांगितलं, आणि पर्समधून रुपयाचं नाणं काढून गुडघ्यांवर बसले.

"काय करून राह्यल्या, बाई?"

"खाली सिमेंटचा मसाला नीट भरला नसन तं पोकळ आवाज येते. तो ऐकून राह्यली."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि त्याही माझ्यासोबत टकटक करायला लागल्या. सगळं घर ठणठणीत निघालं. फक्त स्वयंपाकघराच्या दाराशी दोन टाइल्स पोकळ वाजल्या.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री माप घ्यायला आमच्याकडे आला. चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. सोबत त्याची बायको. मसाला ती कालवते, टाइल्स ती उचलून देते, दोघं मिळूनच काम करतात. मी त्या दोन टाइल्सचं विचारलं. मला वाटलं, आता म्हणेल घर खचलं, किंवा सिमेंट खराब होतं.

"ते माह्यच चुकलं," तो म्हणाला. "शेवटचा दिवस होता, घाई केली. आधी त्या दोन बदलवून देतो, मंग तुमच्याकडे येतो."

आणि खरंच बदलून दिल्या. त्या बाईंनी फोन करून मला कळवलं. काम याच माणसाला द्यायचं, हे मी तेव्हाच ठरवलं.

पण आमचं खरं वाजलं ते आखणीवरून. त्याचं म्हणणं, तिन्ही खोल्या वेगवेगळ्या बसवायच्या आणि प्रत्येक दारात काळी पट्टी टाकायची. भिंती तिरक्या असल्या की सगळे असंच करतात. मला ते नको होतं. पुढच्या दारात उभं राहिलं की टाइल्सच्या सांध्याची एक रेघ थेट स्वयंपाकघरापर्यंत गेलेली दिसली पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी बेतायच्या खाकी कागदावर तिन्ही खोल्या काढून ठेवल्या होत्या. फुटाला एक इंच. त्यावर चौकोन आखले होते. तो कागद मी त्याच्यापुढे पसरला.

"ताई, घर म्हंजे कापड नाई," तो म्हणाला.

"चौकडीचं कापड शिवताना आम्ही काय करतो, मालूम आहे का? समोर बटनपट्टीवर चौकडी जुळवतो. जिथं जुळत नाई, ते काखेखाली घालतो. कोनाले दिसत नाई. तुमचे तिरके तुकडे या भिंतीले येऊ द्या. इथं दिवान आहे, तिथं कपाट आहे. तिकडे कोन पाहते?"

तो टेप काढून भिंत मापायला लागला. त्याची बायको मात्र कागदावर वाकून बोटाने रेघ चाचपत होती. "एकडाव दोरी तं लावून पाहा," ती त्याला म्हणाली.

त्याने पुढच्या दारापासून मागच्या भिंतीपर्यंत दोरी ताणली. मग मसाला न लावता कोरड्याच टाइल्स दोरीला धरून मांडत नेल्या. मधल्या खोलीत एका टोकाला तीन बोटांचा फरक निघाला, आणि तो सगळा दिवाणाच्या बाजूला गेला. मिस्त्री पुढच्या दारात जाऊन उभा राहिला. एक डोळा मिटून त्याने रेघ मागच्या भिंतीपर्यंत न्याहाळली.

"मांडा तुम्ही," तो शेवटी म्हणाला, "बसवतो मी."

सगळंच माझं बरोबर होतं असं नाही. न्हाणीसाठी मी चकचकीत टाइल निवडली होती. त्याने ती परत पाठवायला लावली. "पानी पडलं का पाय घसरन. खरबडीत घ्या." न्हाणीचा ढाळही त्याने दोनदा उकरून पुन्हा केला, कारण कोपऱ्यात बोटभर पाणी थांबत होतं. मी सांगितलं नव्हतं, त्यालाच ते खपलं नाही.

बारा दिवस मी मशीन ओसरीत टाकून शिवलं. काम संपलं त्या दिवशी यजमान जिनिंगमधून आले. चप्पल काढून दारातच थांबले. मग सावकाश चालत स्वयंपाकघरापर्यंत गेले आणि तसेच परत आले.

"हे तू आखलं?" त्यांनी विचारलं.

"मीच."

दुसऱ्या दिवशी जिनिंगमधले चार जण चहाला आले. मी बोलावलं नव्हतं. यजमान त्यांना दारात उभं करून रेघ दाखवत होते, आणि मी आत चहा टाकता टाकता ऐकत होते. ऐकू यावं म्हणून गॅस बारीक केला होता, हेही कबूल करते.

परवा मी एका बाईंचं माप घेत होते, तेवढ्यात मिस्त्रीचा फोन आला. देवळीकडे कुठेतरी काम घेतलं होतं त्याने.

"ताई, इथं दोन खोल्या आहेत, एक बी भिंत गुण्यात नाई, साऱ्या तिरक्या. कुठून सुरू करू?"

मी त्या बाईंना जरा थांबायला सांगितलं, टेप गळ्यात अडकवली आणि पेन्सिल घेतली.

"दार कोन्या बाजूले आहे, ते आधी सांगा," मी म्हटलं.