वकिलाची बायको माहेरी गेली

आमच्या कामरगावच्या विहारात दर रविवारी वंदना झाली की चहा होतो, आणि चहाबरोबर भांडण. भांडण पुस्तकावरून. कपाटातलं पुस्तक ज्यानं वाचून आणलं, त्यानं सगळ्यांसमोर उभं राहून मत द्यायचं. मत दिल्याशिवाय दुसरं पुस्तक मिळत नाही. कपाटाची किल्ली माझ्याकडे असते आणि या बाबतीत मी सख्ख्या भावालाही सोडत नाही. गुप्तहेराच्या कादंबरीला आणखी एक नियम आहे: खुनी कोण ते सांगायचं नाही. ज्याच्या तोंडून निसटेल त्यानं पुढच्या रविवारी विहार झाडायचा. आजवर सगळ्यांत जास्त वेळा माझ्या नवऱ्यानं झाडला आहे, कारण त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही.

भिवाजीकाका कधी मत द्यायला उठत नसत. एसटीत कंडक्टर होते तेव्हा कारंजा-कामरगाव गाडीत त्यांचा आवाज पुढच्या दारापासून मागच्या बाकापर्यंत पुरायचा, पण विहारात मागं भिंतीला टेकून नुसतं ऐकत बसायचे. पुस्तकं ते घरी वाचत, म्हणजे भागिरथाकाकूंना वाचून दाखवत. काकूंना अक्षर येत नव्हतं. त्यांचं बालपण दुसऱ्याच्या वावरात निंदण करण्यात गेलं. काका रिटायर झाल्यावर दोघं दुपारी ओट्यावर बसायची, काकू सुपात तूर निवडायच्या आणि काका वाचायचे. आमचं घर समोरच, त्यामुळे फुकटात माझीही बरीच पुस्तकं ऐकून झाली.

शेवटची कादंबरी काकांनी कारंज्याच्या रद्दीवाल्याकडून आणली होती. कव्हर गेलेलं, लेखकाचं नाव कोणाला ठाऊक नाही. त्यात एक वकील आणि त्याची बायको मिळून खुनाचा तपास करतात. वकील रुबाब करतो आणि डोकं बायको चालवते. काकूंना ती बाई भारी आवडली. वाचता वाचता त्या काकांना थांबवायच्या, मागचं पान पुन्हा वाचायला लावायच्या आणि रोज नव्या माणसावर संशय घ्यायच्या. मग एका दुपारी त्यांचं नक्की झालं. समोरून माझे कान टवकारलेले बघून त्यांनी ते नाव काकांच्या कानात सांगितलं. काका इतके हसले की त्यांना ठसका लागला.

त्याच दुपारी वकिलाची बायको बाळंतपणासाठी माहेरी जायला निघाली. काकांनी वाचत वाचत तिला गाडीत बसवून दिलं आणि त्या पानात एसटीचं जुनं तिकीट घालून पुस्तक मिटलं. सूप उचलता उचलता काकू म्हणाल्या, "गेली ते. आता त्या वकिलाचं काई खरं नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू अंगणात पडल्या. जीपनं कारंज्याला नेलं, तिथून अकोल्याला. अकोल्याहून त्या परत आल्या नाहीत, त्यांना आणावं लागलं.

आमच्यात माणूस गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्याच्या नावानं दान देतात, आणि आमच्या गावात ते पुस्तकांचं देण्याची रीत पडली आहे. काकांचा मुलगा धम्मरत्न पुण्याला नोकरीला असतो. आईवर त्याचा फार जीव. त्यानं फडताळातली होती नव्हती ती सगळी पुस्तकं बांधून विहाराला दिली आणि प्रत्येकात सुंदर अक्षरात लिहिलं, 'कालकथित भागिरथा भिवाजी पडघान यांच्या स्मरणार्थ'. त्याला कोण काय म्हणणार? चांगलंच केलं त्यानं. त्या गठ्ठ्यात ती बिनकव्हराचीही गेली. काका त्या दिवसांत जेवायचं सांगितलं तर जेवत होते, झोपा म्हटलं तर झोपत होते. पुस्तकांकडे त्यांचं लक्ष कुठून असणार?

पुढे एका रविवारी पतसंस्थेतला उत्कर्ष तेच पुस्तक घेऊन उभा राहिला. त्याच्या मते विषाची युक्ती एक नंबर होती, पोलिस मात्र उगाच वेंधळे दाखवलेत. आमची अंगणवाडीची रूपा त्याच्या आधीच वाचून बसली होती, ती तावातावानं उठली.

"मले तं त्या लेखकाचा लई राग आला," ती म्हणाली. "बायकोले माहेरी धाडली अन् इसरूनच गेला. पुस्तक संपलं, पन ते काई वापस आली नाई."

माझा नवरा म्हणाला, बरंच झालं, नवऱ्याला एकट्याला काहीतरी करू दिलं. सगळे हसले. उत्कर्ष शेवटाबद्दल काही सांगणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"थांब बापू," भिवाजीकाका भिंत धरून उभे होते. "आमचं अजून संपलं नाई."

कोणालाच काही कळेना. मी पुस्तक उघडून आतलं काकूंचं नाव पाहिलं आणि उत्कर्षला खाली बसवलं.

तेव्हापासून काका वंदना झाली की चहाआधीच निघून जायला लागले. पण त्या पुस्तकानं गावाला याड लावलं होतं. पिठाच्या गिरणीवर तेच, जीपमध्ये तेच. वकिलाचं चुकलं की बरोबर, बायको शेवटपर्यंत हवी होती की नको, ज्याला त्याला मत फुटलं होतं. रिटायर झाल्यापासून काका रोज सकाळी बसस्टँडवर जाऊन बसायचे, तेही त्यांनी बंद केलं. कोणी त्यांना येड्यात काढलं तेव्हा मला असा संताप आला की त्या माणसाचं पुस्तक मी महिनाभर अडवून ठेवलं.

शेवटी मी ती कादंबरी पदराखाली घेऊन त्यांच्या ओट्यावर गेले. म्हटलं, काका, ही घरी ठेवा, वाचू नका, मी कोणाला काही बोलणार नाही.

काकांनी पुस्तकावरून हात फिरवला, पण घेतलं नाही. "तिच्या नावानं देल्लं दान हाय, दीपा. दान वापस घेत नाईत. न्याचं तं नियमानं नेईन."

"नियमानं न्यायचं म्हणजे वाचून मत द्यावं लागंल, काका."

त्यांनी आता पुस्तक मांडीवर घेतलं. मग म्हणाले, "तिनं मले एक नाव सांगतलं होतं. मी हासलो तिले. आता शेवट कळला म्हंजे आमचं ते बोलनं संपलं. म्हून लोकायपासून पयत होतो गावभर."

जुनं तिकीट कोणा वाचणाऱ्यानं शेवटच्या पानात सरकवलं होतं. काकांनी ते ओढून काढलं, पानं उलटत गाडीच्या त्या प्रसंगाशी आले आणि तिथं परत ठेवलं. मग म्हणाले, "लिही माह्या नावावर."

पुढचे काही दिवस दुपारी समोरच्या ओट्यावरून वाचण्याचा आवाज येत होता. मोठ्यानंच वाचत होते, शेजारी सूप नव्हतं तरी. मी त्या दुपारी दार लावून घेतलं. मला ऐकवत नव्हतं.

त्या रविवारी काका चहाला थांबले. चहा घेतला आणि उभे राहिले. विषाबद्दल, पोलिसांबद्दल ते काही बोलले नाहीत; काकूंनी आधीच एक नाव कानात सांगितलं होतं, एवढंच म्हणाले. रूपानं हळूच विचारलं, काकूंचा अंदाज काय निघाला?

"तिचाच बरोबर निंगाला," काका म्हणाले.

सगळ्यांना बरं वाटलं. कोणी तरी टाळ्यासुद्धा वाजवल्या. काकूंनी कोणाचं नाव घेतलं होतं ते काकांनी सांगितलं नाही आणि खुनी कोण ते मीही सांगणार नाही, नियम तो नियम. माझ्या नवऱ्यानं वातावरण हलकं करायला विचारलं, की मग तो वकील कसा वाटला, निभावलं ना त्यानं एकट्यानं?

"निभावलं," काका म्हणाले. "खुनी सापडला त्याले. पन घरी जाऊन कोनाले सांगन तो?"

त्यांनी पुस्तक माझ्या हातात दिलं. तिकीट आत नव्हतं. मत देऊन झालं होतं, म्हणून मी कपाट उघडून आता कोणतं देऊ असं विचारलं. काकांनी नको म्हणून मान हलवली, दाराशी जाऊन चपला घातल्या आणि घराकडे निघाले.