लाल न झालेली हळद

पानाला चुना लावायला बसलो की ती घटना आजही आठवते आणि बोट डबीतच थांबतं. मग आमच्या सौभाग्यवती म्हणतात, "साहेब निघाले तपासाला." त्यांना ठाऊक असतं, कुठल्या तपासाला ते.

गोष्ट देश स्वतंत्र झाल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली. तेव्हा गडचिरोली हा चांदा जिल्ह्यातला तालुका होता आणि आम्ही सगळे मध्य प्रदेशाचे नोकर. पोंभुर्ण्याच्या बाजूच्या एका ठाण्यात मी ठाणेदार म्हणून नवा होतो. ठाणं म्हणजे कौलारू घर, एक कोठडी, पुढे पडवी आणि मागे शिपायांनी लावलेल्या वांग्यांचे वाफे. हवालदार तिथल्याच मुलखातले, पन्नाशीचे. गुन्ह्यांपेक्षा त्यांचं लक्ष पानाच्या चंचीकडे अधिक, असं मी त्यांना चिडवत असे. ते हसून म्हणत, "गुन्हा काही पळून जात नाई साहेब, पान वाळून जाते." धानाची कापणी आटोपली की सगळीकडे तणसाचा, भाताच्या पेंढ्याचा, वास सुटे, गावोगावी दंडारीच्या नाचगाण्याच्या खेळांची तालीम सुरू होई. आजही थंडी पडली की मला तो वास हवासा वाटतो.

अशाच एका सकाळी एका गावचा कोतवाल धापा टाकत ठाण्यात आला. पाणी प्यायला आणि म्हणाला, "साहेब, लवकर चला जी. म्हातारीले मारून टाकतीन."

त्याच्या सांगण्यावरून एवढं कळलं की गावातल्या एका गड्याला वेड लागलं होतं. त्याने सख्ख्या धाकट्या भावाच्या खांद्यावर कुऱ्हाड घातली होती. भाऊ वाचला होता, पण भगताने हे करणीचं काम ठरवून गड्याच्या विधवा मावशीचं नाव घेतलं होतं. आता गाव तिला गावदेवी मातामायच्या देवळापुढे घेऊन चाललं होतं. स्टेशन डायरीत नोंद करून मी, हवालदार आणि दोन शिपाई सायकलींवर निघालो.

देवळापुढे गर्दी होती. मावशी मधोमध जमिनीवर बसलेली, केस वेडेवाकडे कापलेले, ओठ फुटलेला. थोड्या अंतरावर तो गडी बैलाच्या दाव्याने खांबाला बांधलेला होता. त्याला पाहून मी चरकलो. माणूस अंगभर पिवळा होता. तोंड, हात, नखं, सगळं पिवळं.

गावचा पाटील पुढे आला. तो तसा समंजस माणूस होता, पण त्या दिवशी त्याचीही खात्री पटली होती. त्याने मावशीच्या पदराचं टोक उचलून मला दाखवलं. तिथे गाठ मारून मारून चुरगळलेल्या जागी पिवळे डाग होते.

"हे पाहा साहेब. बकऱ्याले मातामायपुढे नेतेत तेव्हा हळद लावतेत. हिनं सोताच्या पोराले लावली. बळी द्यायले काढला हिनं त्याले."

पोटचा नसला तरी पोरच होता तो. आई लहानपणी गेली, मावशीने वाढवला. पाटील पुढे म्हणाला की तुम्ही गड्याला न्या, बाईचं आम्ही बघतो. मी म्हटलं, बाईचंही मीच बघतो. सरकारी टोपीला तेव्हा वजन होतं आणि माझा आवाजही बरा होता. शिवाय मी भलता चिडलो होतो. ज्या दोघांनी तिचे केस कापले होते त्यांची नावं तिथेच लिहून घेतली, पंचनामा केला आणि दोघा मावशी-भाच्यांना एकाच खासरात, म्हणजे तिकडच्या बैलगाडीत, घालून ठाण्यावर आणलं.

भाच्याला कोठडीत ठेवावं लागलं. माझ्या पुढच्या नोकरीत मी पुष्कळ वेडे पाहिले, पण याच्यासारखा नाही. घरचे सांगत, हा कधी दोन शब्दांवर तिसरा बोलत नसे. आता त्याला झोप म्हणून नव्हती आणि तोंड बंद होत नव्हतं. चेहऱ्यावर केवढा आनंद! जंगलातले सगळे बांबू उठून रांगेने चालत येतात आणि आपल्याला सलाम करतात, असं तो सांगे. मला तो सोयरा समजे आणि दंडारीला यायचं आमंत्रण देई. भावाला का मारलं विचारलं तर म्हणाला, भावाला नाही, त्याच्या खांद्यावर बांबू उगवला होता तो तोडला. हे त्याने मोठ्या मायेने सांगितलं.

गांजा, धोतऱ्याचं बी, मोहाची कच्ची दारू, हवालदारांनी सगळी चौकशी केली. काही निघालं नाही. तो बांबू तोडणीच्या कूपावर, म्हणजे तोडीला दिलेल्या जंगलाच्या तुकड्यावर, मजूर होता, म्हणून मी तिथेही गेलो. जंगलात ठेकेदाराची छावणी होती. तिथले मजूर बघतो तर जवळजवळ सगळ्यांच्या डोळ्यांत आणि नखांवर हलकी पिवळी झाक. छावणीवरच्या कारकुनाने सांगितलं की हिवतापावर पिवळी गोळी देतात, महायुद्धात सैनिकांना देत ती. मजुराच्या घरच्यांनाही देतात, कारण तेही कूपावर मोळ्या बांधायला येतात. गोळी कडू जहर, लोक थुंकतात, म्हणून समोर गिळायला लावतो आणि तोंड उघडून पाहतो. थुंकताना सापडला की घरातल्या सगळ्यांचं काम बंद.

मला वाटलं, चला, धागा सापडला. पण तो लगेच तुटला. गोळी तर सगळेच घेत होते आणि बाकी सगळे शहाणे होते. मग हा एकटाच एवढा पिवळा आणि एवढा वेडा का?

मावशी पडवीत बसून असे. जबानी घ्यायला बसलो की गप्प. विचारी ते एकच, "जेवला का जी तो?" एक दिवसाआड दुपारी तिला हुडहुडी भरून ताप येई. मी माझी घोंगडी तिच्या अंगावर टाकायला सांगितली. तिच्यावर गुन्हा शाबीत करण्याजोगं माझ्याकडे काही नव्हतं, पण तिला गावी सोडावं तर गाव टपून बसलेलं. खरं काय ते सापडल्याशिवाय तिचा जीव वाचणार नव्हता, हे मला दिसत होतं.

एका दुपारी तिचा ताप उतरत होता. हवालदार शेजारी बसून पान लावत होते आणि मी तिच्या पदराच्या त्या डागांकडे बघत होतो. हवालदारांनी चुन्याचं बोट उचललं आणि एकाएकी माझ्या डोक्यात लख्ख झालं. हळदीला चुना लागला की लाल होते, हे आपल्याकडे कोणाला ठाऊक नाही? माझी आई तर घरीच कुंकू करी. मी हवालदारांच्या हातातून डबी ओढून घेतली आणि पदराच्या डागावर पाणी शिंपडून चुना चोळला.

डाग पिवळाच राहिला.

कोठडीत जाऊन गड्याच्या मनगटावरही चोळला. तो खूश होऊन हात पुढे करीत होता. कातडी पिवळी ती पिवळीच. हवालदारांचं पान तसंच राहिलं. ते म्हणाले, "साहेब, हळद नाहीच ना हे."

मी मावशीपुढे जमिनीवर बसलो. म्हटलं, "बाई, तुम्ही गोळी गिळत नव्हता. पदरात बांधून आणत होता. कोणाचं काम बंद होणार नाही, माझा शब्द आहे. सांगा."

तिने पदर तोंडाला लावला. मग रडायला लागली आणि रडतारडताच बोलली. "जिभीखाली ठेवो जी. बाहीर आली का पदरात बांधो. ताप रानात राह्यते साहेब, अन् रानात आतमंदी तोच जाते. त्याचे बारके लेकरं हायेत. मी मेली तं का बिघडते?"

गोळी एकट्या तिचीच नव्हती. नंतर चौकशी केली तेव्हा गड्याची बायको कबूल झाली, धाकटा भाऊही कबूल झाला. त्या घरात जो रानात खोलवर जातो त्यालाच तापाचं भय, अशी समजूत होती. म्हणून सगळ्यांनी आपापल्या वाटणीची गोळी त्याला दिली होती आणि कोणी कोणाला बोललं नव्हतं. तोही नको म्हणत नसे, मावशीच्या हातचं म्हणून मुकाट्याने गिळी. गावाने करणीचं नाव घेतल्यावर म्हातारीला स्वतःलाच वाटू लागलं होतं, की आपल्याच हाताला काही दोष असेल. म्हणून ती गप्प होती.

चांद्याच्या मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर लढाईत ब्रह्मदेशाकडे जाऊन आलेले होते. गड्याला पाहताच त्यांनी गोळीचं नाव सांगितलं. त्या गोळीने पिवळे झालेले आणि गोळ्या जास्त पोटात गेल्याने मधूनच एखादा असा भ्रमिष्ट झालेला शिपाई त्यांनी तिकडे पाहिला होता. गोळी बंद, पोटभर जेवण आणि झोप, एवढाच इलाज त्यांनी केला. काही आठवड्यांत माणूस ताळ्यावर आला. पिवळेपणा मात्र हळूहळू गेला. भावाला आपण मारलं हे कळल्यावर तो लहान मुलासारखा रडला. कायदा भ्रमातल्या माणसाला गुन्हेगार धरत नाही आणि भावाचीही तक्रार नव्हती. केस कापणाऱ्या दोघांना मात्र मी सोडलं नाही.

मावशीला घेऊन आम्ही गावी गेलो तेव्हा मी मुद्दाम मातामायपुढेच खासर थांबवलं. पाटलाच्या हातावर हळद ठेवली आणि त्यालाच चुना लावायला सांगितला. तळहात लाल झाला. मग त्याच्याच बोटाने पदरावर चुना चोळून घेतला. सगळ्यांनी वाकून पाहिलं. पाटील खाली मान घालून म्हणाला, "माय, चुकलं आमचं." ती खासरातून उतरून सरळ घराकडे चालू लागली. तिने त्यासाठी थांबावं असं मलाही वाटलं नाही.

तोवर मी गुन्ह्याच्या मागे वैर शोधायला शिकलो होतो. कोणाचं कोणाशी पटत नाही, हा माझा पहिला प्रश्न असे. त्यानंतर मी दुसराही विचारू लागलो, की या घरात कोणाचा कोणावर जीव आहे? निवृत्त होईपर्यंत तो प्रश्न माझ्या फार उपयोगी पडला.

पुढे बदली होऊन निघालो तेव्हा वाटेत त्या घरी थांबलो. मावशीच्या तापावर डॉक्टरांनी क्विनीन दिलं होतं. केस कानापर्यंत वाढले होते. ती अंगणात बसली होती आणि भाचा पाण्याचा गडवा घेऊन तिच्यापुढे उकिडवा होता. गोळी तिच्या हातावर ठेवून, ती गिळेपर्यंत तो हलला नाही.

"आता तोंड उघडून दाखव," तो म्हणाला. "जीभ वर कर."

म्हातारीने माझ्याकडे पाहिलं, लाजली आणि तोंड उघडलं.